पडद्यावरची सुईण आणि घरातली सुईण



द्राक्षांचा हंगाम उरकून आणि उन्हाळ कांदा चाळीत टाकून आपण मंडळी संध्याकाळच्या गारव्यात येथे जमला आहात. अशा वेळी इतिहासाच्या वक्त्याने एखाद्या लढाईचे वर्णन करावे, निदान एखादा ताम्रपट तरी वाचून दाखवावा, ही अपेक्षा रास्तच आहे. माझा विषय त्या मानाने अगदीच माजघरातला आहे. जुन्या काळावरची एखादी मालिका दूरचित्रवाणीवर चालू असते, तीत बाळंतपणाचा प्रसंग येतो, आणि तो पाहता पाहता घरातली माणसे काही बोलतात. त्या बोलण्यासंबंधी मला आज बोलावयाचे आहे. हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु दफ्तरात जे कधी लिहिलेच गेले नाही ते शोधावयाचे तर माणसांच्या तोंडूनच शोधावे लागते, आणि माणसांचे तोंड सहजासहजी उघडत नाही. मालिका ते उघडते, एवढे श्रेय तिला देण्यास हरकत नसावी.

आरंभ जरा दूरून करतो. जानेवारी २०१२ मध्ये इंग्लंडात बीबीसीने 'कॉल द मिडवाइफ' नावाची मालिका सुरू केली. लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर ही गोदीकामगारांची वस्ती, काळ १९५७ च्या पुढचा, आणि नायिका कोण, तर सायकलवर पिशवी अडकवून घरोघर बाळंतपणे करीत हिंडणाऱ्या सुईणी आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या जोगिणी. ही मालिका चालेल असे फारसे कोणाला वाटले नसावे. कारण तीत खून नाही, राजवाडा नाही, दर भागात दोनतीन बाळंतपणे तेवढी आहेत. पण पहिल्याच वर्षी सुमारे एक कोटी प्रेक्षक रविवारी संध्याकाळी तिच्यापुढे बसू लागले. ते रडले, हसले, आणि मुख्य म्हणजे आठवू लागले. ज्यांचा जन्म तशाच एखाद्या खोलीत झाला होता असे लोक त्या देशात हयात होते, आणि त्यांच्या बाळंतपणाचा खर्च १९४८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने उचलला होता. पुढे २०१६ मध्ये मालिकेने थॅलिडोमाइडची कथा घेतली. मळमळीवर म्हणून गर्भवतींना दिलेले ते औषध १९५८ ते १९६१ या काळात इंग्लंडात विकले गेले आणि त्यापायी हातपाय नीट न वाढलेली शेकडो मुले तेथे जन्मास आली. ती मुले २०१६ साली पन्नाशी उलटून गेली होती. पडद्यावर ज्याची कथा चालली आहे तोच समोर प्रेक्षक म्हणून बसला आहे, असा योग इतिहासाच्या वाट्याला क्वचितच येतो.

ही मालिका निघाली कोठून, तेही ऐकण्यासारखे आहे. १९९८ साली टेरी कोट्स नावाच्या सुईणीने आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. वाङ्मयात सुईण सापडतच नाही, गुरांच्या डॉक्टरावर गोष्टी निघाल्या तशा सुईणीवर कोणी का लिहीत नाही, असा त्या लेखाचा सूर होता. जेनिफर वर्थ नावाच्या एका निवृत्त परिचारिकेने तो वाचला. तिने तरुणपणी त्याच वस्तीत काम केले होते. ती लिहावयास बसली आणि २००२ साली तिच्या आठवणींचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये ती वारली. मालिकेचा पहिला भाग काही तिला पाहावयास मिळाला नाही. पुढे टेरी कोट्स याच मालिकेच्या सल्लागार झाल्या. थोडक्यात, आधी एकीने तक्रार केली, मग दुसरीने लिहिले, मग ते पडद्यावर आले, आणि मग लाखो घरांतल्या आठवणी जाग्या झाल्या. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण आपल्याकडे तो दुसऱ्याच पायरीवर अडला आहे.

इंग्लंडातही सुईणीची अब्रू फार जुनी नव्हे. चार्ल्स डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट' या १८४३-४४ च्या कादंबरीत गॅम्पबाई नावाची एक सुईण आहे. दारू पिणारी, तोंडाळ, गबाळी, आणि हातात नेहमी एक भली मोठी छत्री. ती वाचकांच्या मनात इतकी बसली की इंग्रजीत छत्रीलाच 'गॅम्प' म्हणू लागले! १९०२ च्या कायद्याने तेथे सुईणींची नोंदणी आणि शिक्षण सुरू झाले, तरी गॅम्पबाईची सावली पुष्कळ वर्षे हटली नाही.

आता घरी येऊ. आपल्या या निफाड तालुक्यात, खुद्द निफाडला, १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. हे आपणांस शाळेपासून पाठ आहे. त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आयुष्यावर झी मराठी वाहिनीने २०१२ साली 'उंच माझा झोका' ही मालिका सुरू केली; म्हणजे लंडनच्या सुईणी आणि आपल्या रमाबाई एकाच वर्षी पडद्यावर आल्या. छोट्या रमेने महाराष्ट्राला कसे वेड लावले होते ते आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी, पाटी हातात घेतली म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे, आणि रात्री शिकविणारा नवरा हे पाहून घरोघर डोळे टिपले गेले. रानड्यांची १८७८ साली नाशिकला बदली झाली आणि पुढे तेथील एका समारंभातच रमाबाईंनी प्रथम सभेत भाषण केले. म्हणून आपल्या जिल्ह्याला त्या मालिकेबद्दल थोडे जास्तच ममत्व वाटले असल्यास नवल नाही.

परंतु रमाबाईंच्या चरित्रातला जो भाग आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा, तो त्यांच्या बालपणातला नव्हे. १९०१ मध्ये न्यायमूर्ती वारले. १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि १९११ पासून रमाबाईंनी ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्येचे आणि सुईणीचे शिक्षण मिळण्याची व्यवस्था केली. हे काम किती अवघड होते याची आज कल्पना येत नाही. बाळंतिणीचे रक्त, वार, नाळ या साऱ्यांना विटाळ चिकटलेला. पांढरपेशा घरातली विधवा स्वयंपाकीण झाली तर चालत असे, पण दुसऱ्याच्या बाळंतिणीची चाकरी म्हणजे कुळाला बट्टा. पाटी घेतलेल्या रमेपेक्षा रुग्णालयात पाऊल टाकणाऱ्या त्या विधवेचे धाडस मला तरी अधिक वाटते. प्रेक्षकांचे प्रेम मात्र पाटीवर बसले. यात प्रेक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. पाटी आपण सर्वांनीच हाती धरली आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्यावरील 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठी वाहिनीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि पुरेसा प्रेक्षकवर्ग मिळत नाही म्हणून त्याच वर्षअखेर बंद करण्यात आली. ती बंद होणार असे कळताच हळहळ व्यक्त झाली, महाराष्ट्राच्या नावाने बोटेही मोडली गेली. हळहळणाऱ्यांपैकी किती जण ती रोज पाहत होते, हा प्रश्न मी विचारीत नाही, कारण तो विचारणे सभ्यपणाचे होणार नाही! टाळेबंदीने चित्रीकरण महिनोन् महिने थांबले होते, हेही न्यायाने सांगावयास हवे.

फुले दांपत्याच्या कार्यात एक प्रकरण असे आहे की जे कोणत्याही मालिकेला पेलणे कठीण. १८६३ साली त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. एका ब्राह्मण विधवेने लोकलाजेस्तव आपले नवजात मूल मारले आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे त्याचे निमित्त. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल हवे तर घेऊन जावे, नको तर येथेच ठेवावे, अशी ती सोय होती. त्या बाळंतिणींची उस्तवार सावित्रीबाई करीत. जोतीरावांनी १८८४ साली, मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देताना, त्या गृहाचा हिशेब मांडला आहे. तोवर पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. पस्तीस मुलांपैकी पाच जगली. तीस गेली, कारण गर्भ लपविण्यासाठी आयांनी जी जहाल औषधे घेतली होती त्यांनी पोटातच इजा झाली होती.

पस्तिसांत तीस. ही संख्या मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्या घरातल्या सावित्रीबाईंचा विचार मनात येतो. मूल जिवंत राहील अशी आशा फारशी नसताना दर वेळी त्या पाणी तापवीत असतील, जुनेर फाडून ठेवीत असतील. पडद्यावर बाळंतपण म्हटले की बंद दार, बाहेर येरझारा घालणारा पुरुष, 'गरम पाणी आणा' अशी हाक, आणि मग ट्यांहां! तीस वेळा ती ट्यांहां आलीच नाही किंवा येऊन विझली, असे कोणती वाहिनी दाखवील, आणि जेवणाच्या वेळी कोण पाहील?

या साऱ्या मालिकांत, आणि त्या ज्यांवरून बेतल्या त्या चरित्रांतही, सुधारक आहेत, त्यांच्या पत्नी आहेत, पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आहेत. आनंदीबाईंचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले तेव्हा त्यांचे वय चौदा होते, आणि १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. हे सारे वंदनीयच आहे. पण ज्या बाईने या मोठ्या माणसांना जगात आणले ती सुईण कोठे आहे? निफाडला १८४२ साली कोणाच्या तरी हाती ते मूल आले असेल. थोरांच्या चरित्रात जन्मतिथी असते, नक्षत्र असते, वडिलांची नोकरी असते. नाळ कापणारीचे नाव सहसा नसते. आपले वक्ते मात्र प्रत्येक भाषणात 'मातीशी नाळ' जोडीत असतात.

नाव नसण्याचे कारण गूढ नाही. गावोगाव हे काम पुष्कळ ठिकाणी मातंग समाजातील बाई करी, कोठे न्हावीण, कोठे शेजारची एखादी अनुभवी म्हातारी. ज्या बाईची सावली एरवी ओट्यावर पडू द्यावयाची नाही, तिला कळा सुरू झाल्या की माजघराच्याही आत न्यावयाचे. लेकीसुनेचे अंग तिच्या हाती द्यावयाचे. दहाबारा दिवस तिने बाळाला न्हाऊ-माखू घालावयाचे. आणि सोयर फिटले की शिधा, खण, नारळ पदरात टाकून तिला पुन्हा उंबऱ्याबाहेर उभे करावयाचे. म्हणजे विटाळ सोयीप्रमाणे लागत असे आणि सोयीप्रमाणे सुटत असे. ही गोष्ट प्रेक्षकांपैकी जुन्या बायकांना पक्की ठाऊक असते. मालिकेतली गोरीगोमटी, नऊवारी नेटकी नेसलेली सुईण पाहून 'अशी नव्हती हो ती' एवढेच त्या म्हणतात आणि गप्प होतात. त्या गप्प होण्यात जे आहे ते कोणी विचारून घेतले पाहिजे.

एका गोष्टीचा मात्र लेखी पुरावा आपल्याजवळ आहे, तो म्हणजे भाषा. 'पायाळू', 'आडवे आले', 'वार पडली', 'दिवस भरले', 'कळा', 'अडली', 'मोकळी झाली' हे शब्द कोणा पंडिताने घडविलेले नाहीत. मूल पोटात कसे आहे हे हाताने चाचपून ओळखणाऱ्या बायकांचे ते शब्द आहेत. 'बाळंतीण मोकळी झाली' या तीन शब्दांत किती काळजी आणि किती सुटका आहे ते पाहा.

येथवर ऐकून माझा कल सुईणीचे देव्हारे माजविण्याकडे आहे असे आपणांस वाटू लागले असेल, तर थोडे थांबावे. प्रेक्षकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'पूर्वी घरच्या घरी सगळे सुखरूप होत होते, आता ऊठसूट पोट फाडतात.' दुसरा म्हणतो, 'अडाणी बायकांनी किती बायकामुले मारली!' पहिल्या पक्षाने काही आकडे ऐकावेत. १९४६ च्या भोर समितीने हिंदुस्थानातील मातामृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे सुमारे २० धरले होते. म्हणजे लाखाला दोन हजार. २०१८-२० च्या पाहणीत भारतात ते लाखाला ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. दोन हजार आणि तेहतीस! 'बाईचा दुसरा जन्म' ही म्हण नुसती शोभेची नव्हती.

मुलांचे तसेच. आपल्याकडे पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची, रात्रभर जागावयाचे. ही जागरणाची रात्र पाचवी-सहावीच का? माझा तर्क असा की नाळ विळ्याने किंवा मिळेल त्या धारेने कापून तीवर राख किंवा शेण लावले तर होणारा धनुर्वात जन्मानंतर साधारण त्याच दिवसांत दिसू लागतो. बाळ दूध ओढीनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते, आणि आठवड्याच्या आतबाहेर संपते. आयांनी पिढ्यान् पिढ्या हे पाहिले असणार आणि त्या भयाला सटवाईचे नाव दिले असणार. आईला टोचलेली लस आणि नाळ कापण्याचे स्वच्छ पाते यांनी ते भय घालविले. २०१५ साली भारतातून नवजातांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पाचवी आपण अजून पुजतो, आणि पुजावी. पण आता झोपही येते.

आता दुसऱ्या पक्षाने व्हिएन्नाची हकीकत ऐकावी. १८४७ साली तेथील मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. ज्वराने मरणाऱ्या बाळंतिणी डॉक्टरांच्या कक्षात कितीतरी अधिक. बायका रडून भाकून सुईणींच्या कक्षात जागा मागत. इग्नाझ सेमेलवाईस या तरुण डॉक्टराने कारण हुडकले. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत होते. त्याने चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुण्याची सक्ती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याचे आभार मानले नाहीत, ही गोष्ट वेगळी. तेव्हा घाण हात ही अडाण्यांचीच मिरास होती असे म्हणता येत नाही. आपल्या सुईणीला साबण आणि निर्जंतुक पाते कोणी फार उशिरा दिले, आणि शिव्या मात्र वेळेवर दिल्या. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघाले. त्यात महारवाड्यातल्या कोवळ्या पोरींची बाळंतपणे, उपासमार आणि अजाण हातांचा कहर असे काही आले आहे की ते वाचून सुईणीचा कोणी उदोउदो करणार नाही. पण त्याच पानांत आणखी एक गोष्ट दिसते. त्या पोरीजवळ रात्रभर बसावयाला त्या बायांवाचून दुसरे कोणी नव्हतेच.

त्यांना जवळ करून काय होऊ शकते याचा एक दाखला गडचिरोलीत आहे. राणी आणि अभय बंग यांनी तेथील खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकविली, दायांनाही बरोबर घेतले. १९९९ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे निष्कर्ष मांडले त्यांनुसार एकोणचाळीस गावांत नवजातांचे मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहून अधिक घटले. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांचे शरीराविषयीचे बोलणे ऐकून ते पुस्तकातही उतरविले. ऐकून घेणे हे त्यांच्या कामाचे निम्मे औषध होते, असे माझे मत आहे.

सुईण आता जवळजवळ गेली. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील दर तीन बाळंतपणांपैकी सुमारे एक दवाखान्याबाहेर होत होते. २०१९-२१ मध्ये शंभरांत जेमतेम पाच. ही चांगलीच गोष्ट झाली. आणि गंमत अशी की केंद्र सरकारने २०१८ साली पुन्हा सुईणीचेच शास्त्र शिकलेल्या परिचारिका तयार करण्याचे धोरण आखले. गरज नसता शस्त्रक्रिया होऊ नयेत, बाळंतिणीला हिंडूफिरू द्यावे, तिच्याजवळ धीर देणारे कोणी असावे, असे त्यात आहे. जी गोष्ट उंबऱ्याबाहेर ठेवली तीच आता अभ्यासक्रमातून आत येत आहे. फक्त तिला शिकविणाऱ्या म्हाताऱ्या उरल्या नाहीत.

म्हणून प्रेक्षकांच्या त्या बोलण्याला मी इतके महत्त्व देतो. सुईणीच्या हातून जन्मलेली किंवा तिच्या हातून बाळंत झालेली मंडळी अजून आपल्यात आहेत. या मंडपातही असतील. मालिका पाहताना त्यांनी काढलेले उद्गार मी काही वर्षे कानावर येतील तसे टिपून ठेवीत आहे. ते मालिकेच्या कथेविषयी क्वचितच असतात. 'दिवा तिथे कसा ठेवला, वारा लागेल की.' 'एवढी उताणी निजवून कशी सुटेल ती, आम्हाला दोर धरून उकिडवे बसवीत.' 'शेगडी कुठाय? ओव्याची धुरी कुठाय?' 'वार पडायच्या आत कोणी असे हसते का?' दिग्दर्शकाच्या चुका काढणाऱ्या या बायका स्वतःला इतिहासाच्या साक्षीदार समजत नाहीत. एका आजींनी तर पडद्यावरच्या सुईणीकडे पाहून नातीला एवढेच विचारले, 'हिच्या हातात बांगड्या कशा? आमची ती आत यायच्या आधी बांगड्या उतरवून उंबऱ्यावर ठेवायची. कोपरापर्यंत हात धुवायची. कोणी सांगितले नव्हते तिला.'

त्या सुईणीचे नाव मी आजींना विचारले. बराच वेळ आठवून त्या म्हणाल्या, 'नाव काय होते कोण जाणे. आम्ही सगळ्या तिला मावशीच म्हणायचो.'